थुंकीचं सॅम्पल मुद्दाम फेल केलं म्हणणाऱ्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ, रिव्ह्यू वाचला. काकाजींच्या कोरोना टेस्टसाठी नाकात काडी घालताना त्यांना त्रास झाला, रिपोर्ट एक दिवस उशिरा मिळाला आणि तुमचं तिकीट कॅन्सल झालं, त्याबद्दल सॉरी. पण "थुंकीचं सॅम्पल मुद्दाम फेल केलं, मग नाकात काडी घालून परत पैसे काढायचे धंदे" हे जे लिहिलंय ते फार लागलं.

गुळणीचं सॅम्पल, म्हणजे मिठाच्या पाण्याने गुळणी करून ते ट्यूबमध्ये थुंकायचं, तुम्हीच मागितलं आणि आम्ही लगेच हो म्हटलं. ही पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेनेच काढलेली आहे, मे 2021 मध्ये आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने मंजूर केली, आम्हाला तिचा अभिमानच आहे. बाहेरच्या देशात थुंकीवर टेस्ट होते हेही बरोबर, अमेरिकेत येल युनिव्हर्सिटीच्या लाळेच्या टेस्टला ऑगस्ट 2020 मध्येच परवानगी मिळाली होती. लहान मुलांना तर आम्ही स्वतःहून गुळणीच सुचवतो.

पण त्याला एक अट आहे. अर्धा तास आधी खाणं नाही, चहा नाही, तंबाखू नाही. बुकिंगच्या वेळी फोनवर सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, आमच्या पोराने दारात परत विचारलं तर तुम्ही म्हणाले काहीच घेतलं नाही. लॅबमध्ये ट्यूब उघडली तर पाणी तपकिरी आणि तळाला सुपारीचे बारीक तुकडे. खर्रा होता भाऊ तो, तंबाखू-सुपारीचा. काकाजींच्या सवयीवर मी काही बोलत नाही, नागपुरात हे घरोघरी आहे, पण तंबाखू-सुपारीने पीसीआरची, म्हणजे विषाणूचा अंश वाढवून शोधायच्या टेस्टची, रिअ‍ॅक्शनच अडू शकते. मशीनमध्ये विषाणूसोबत माणसाचा स्वतःचा एक जीनही बघतात, सॅम्पल नीट आलंय का ते कळावं म्हणून, इथे तोच आला नाही. मग निगेटिव्ह कसं लिहून द्यायचं? तसंच लिहून दिलं असतं तर तुम्ही खूश झाले असते, आणि काकाजी खरंच पॉझिटिव्ह असते तर अख्खं घर आजारी पडलं असतं.

दुसऱ्यांदा स्वॅब, म्हणजे काडीने नाकातलं सॅम्पल, घेतला कारण तो नाकाच्या पार मागून घेतात, तिथे चहा-खर्ऱ्याचा संबंध येत नाही. काडी तिथे टेकवून काही सेकंद फिरवावीच लागते, डोळ्यात पाणी कोणाच्याही येतं. वरवर फिरवून आणली तर सॅम्पल कामाचं नाही. आणि पैसे म्हणाल तर दुसऱ्या वेळेचा एक रुपया घेतला नाही, 700 रुपये हा घरी येऊन सॅम्पल घ्यायचा तेव्हा सरकारने ठरवलेला रेट होता, पावतीवर एकदाच लिहिलेला आहे. पीपीई किट घालून दोनदा तीन माळे चढलेल्या पोराला जिन्यात सगळ्यांसमोर चोर म्हटलं ते मात्र रिव्ह्यूत कुठे दिसलं नाही.

आमची लॅब छोटी आहे, लोक स्टार बघूनच फोन करतात. यापुढे सूचना अजून नीट देऊ, वयस्कर लोकांसाठी पण काहीतरी बघतो. तुम्ही तो "मुद्दाम" शब्द तेवढा काढा, पावती सापडत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅप करा, लगेच पाठवतो.