कर्ता गाळा, टाळ्या घ्या

लोकांना पटवायचं तर आधी मुद्दा लागतो, असा एक जुना गैरसमज आहे. मुद्दा असणाऱ्यांचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. ते आकडे घेऊन येतात, घसा कोरडा करतात आणि लोक घड्याळाकडे बघतात. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. शब्द नीट निवडा, मुद्दा श्रोते घरूनच घेऊन आलेले असतात.

सुरुवात सर्वनामापासून करा. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' शेजारी शेजारी राहतात. ज्या भाषांना एकावरच भागवावं लागतं, तिथल्या वक्त्यांची मला दया येते. 'आम्ही'त समोरचा नसतो, 'आपण'मध्ये असतो. म्हणून श्रेय घेताना 'आम्ही करून दाखवलं' म्हणायचं आणि सोसायची वेळ आली की 'आपण थोडी कळ काढायला हवी'. शिवाय 'आपण' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही'सुद्धा. तेव्हा ती कळ काढणाऱ्यांत वक्ता आहे की नाही, हे एकट्या वक्त्यालाच ठाऊक.

मग व्याकरण. 'मी चूक केली' हे सभेत कधी बोलू नका. तशी इथेही भाषेने तुमची काळजी घेतलेली आहे. हा कर्मणी प्रयोग, क्रियापद चुकीच्या मागे जातं, तुमच्या नाही. बोलणारा बुवा असो की बाई, 'केली' ती 'केली'च. पण 'मी' राहतोच ना! त्यावर उतारा म्हणजे 'चूक झाली'. हा झाला कर्तरी प्रयोग, आणि कर्ता कोण? चूक! तिची ती झाली, तुम्ही बिचारे जवळपास उभे होतात. शाळेत 'प्रयोग ओळखा'ला जेमतेम एकदोन गुण असायचे. जन्मभर कामाला येणाऱ्या विद्येची ही किंमत, याचं मला अजून वाईट वाटतं.

नामं निवडताना ती लांब असतील एवढं बघा. 'दरवाढ' म्हटलं की लोक उठून उभे राहतात, 'दरांचे सुसूत्रीकरण' म्हटलं की बसून राहतात. त्या शब्दात वाढ कुठेच नाही. सूत्र आहे, आणि त्याने समोरचा सुतासारखा सरळ होतो.

आकडे टाळता आले नाहीत, तर निदान ते कोणत्या बाजूने दाखवायचे हे तरी ठरवा. १९८१ साली एमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमान या मानसशास्त्रज्ञांनी लोकांपुढे एक पेच टाकला. ६०० माणसं मारेल अशी साथ येते आहे, योजना दोन आहेत, एक निवडा. पहिलीत २०० जण नक्की वाचतील. दुसरीत सगळेच वाचण्याची शक्यता एक तृतीयांश, कुणीच न वाचण्याची दोन तृतीयांश. शेकडा ७२ जणांनी पहिली निवडली. दुसऱ्या गटाला याच योजना मरणाच्या भाषेत सांगितल्या: पहिलीत ४०० जण नक्की मरतील. आता तीच योजना शेकडा २२ जणांना पटली. माणसं तितकीच, साथ तीच, मेलेलेही तेवढेच. तुमच्या हाती काही आलं तर 'वाचतील' म्हणा, हातचं काही गेलं तरी 'वाचतील'च म्हणा. उरलेल्या चारशेंचा हिशेब मागायला ते चारशे काही येत नाहीत.

कारण द्यायला विसरू नका, पण त्यात काही असायलाच हवं असंही नाही. मानसशास्त्रज्ञ एलन लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात झेरॉक्सच्या यंत्रापाशी कुणीतरी येऊन विचारी, 'पाचच पानं आहेत, मी आधी काढू का?' शेकडा ६० जण हो म्हणाले. 'कारण मला झेरॉक्स काढायच्या आहेत' एवढं जोडल्यावर शेकडा ९३! झेरॉक्सच्या यंत्रापाशी दुसरं करायचं तरी काय असतं? तरीही 'कारण' ऐकलं आणि माना हलल्या. पानं पाचाऐवजी वीस झाल्यावर मात्र हे पोकळ कारण चाललं नाही. दिलं काय, न दिलं काय, शेकडा २४ जणच हो म्हणाले. प्रयोगाचा हा भाग तुम्ही भाषणात सांगू नका.

आता माझी स्वतःची कामगिरी. पूर्वी एका कचेरीत मी साहेबांची भाषणं लिहीत असे. एका वर्षी मी लिहिलं, 'यंदा पगारवाढ होणार नाही.' साहेबांनी 'नाही'भोवती लाल गोल काढला. सभेत नकार नको, म्हणाले. मी 'पगारवाढ पुढे ढकलण्यात येत आहे' करून नेलं. त्यांना 'पुढे' आवडलं, 'ढकलण्यात' खटकलं. चौथ्या खर्ड्यात जमलं: 'यंदा आपण सर्वांनी मिळून वेतनस्थैर्य साधले आहे.' टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, आणि पगार माझाही वाढला नव्हता.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून स्टोअरमधले एक गृहस्थ उठले. 'साहेब, म्हणजे पगार वाढला का नाही?'

असा एक जण प्रत्येक सभेत असतो, आणि त्याच्याकडे 'म्हणजे' हा एकच शब्द असतो. त्याच्याशी वाद घालू नका, अर्थ तर मुळीच सांगू नका. 'फार छान प्रश्न विचारलात' म्हणायचं, पाण्याचे दोन घोट घ्यायचे आणि दुसऱ्या रांगेकडे वळायचं. साहेबांनी तेच केलं.

पुढच्या वर्षी मनुष्यबळाचं सुसूत्रीकरण झालं. गृहस्थांचं पत्रही मीच लिहिलं: 'आपणांस महिनाअखेरीस कार्यमुक्त करण्यात येत आहे. पुढील वाटचालीस शुभेच्छा.' कर्ता कुठेही नव्हता, 'मुक्त' होतं, शुभेच्छा होत्या. तोवर हात चांगला बसला होता. महिन्याच्या शेवटच्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. पत्राची चौघडी उलगडली, 'कार्यमुक्त'खाली बोट ठेवलं आणि हळूच विचारलं, 'म्हणजे उद्या येऊ की नको?'

'फार छान प्रश्न विचारलात,' मी म्हणालो आणि पाण्याचा ग्लास उचलला.