पूर म्हणजे यांची दिवाळी? एका फॉरवर्डची उलटतपासणी

कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी चढायला लागलं की आमच्या सांगलीतल्या ग्रुपांवर एक मजकूर दरवर्षी न चुकता उगवतो. यंदाही आला, तीन ग्रुपांवर, तीन वेगवेगळ्या काकांकडून. थोडक्यात असा: ‘नदीपात्रात झोपड्या बांधायच्या आणि पूर आला की सरकारकडून पैसे उकळायचे. २०२१ ला साडेअकरा हजार कोटी वाटले, कुठे गेले? टॅक्स आपण भरायचा. यांना एकदाच उठवून उंचावर टाका, आणि वाटायचे पैसे नदीला भिंत बांधायला, पुराचं पाणी मराठवाड्यात न्यायला वापरा. पूर म्हणजे या लोकांची दिवाळी.’ खाली हात जोडलेले, आणि ‘सत्य कटू असतं’.

मी विश्रामबागेत राहतो. माझ्या दारात पाणी आलेलं नाही, ना २०१९ ला, ना २०२१ ला. दोन्ही वेळा पाणी ओसरल्यावर खालच्या वस्त्यांत अर्ज भरून द्यायला मात्र जात होतो. तेवढ्याच अधिकारावर हे लिहितोय.

आधी साडेअकरा हजार कोटी. आकडा खरा आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारनं ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पण ‘वाटले’ हा शब्द फॉरवर्डवाल्याचा. सरकारनं त्याच वेळी फोड दिली होती: तातडीच्या मदतीला १,५०० कोटी, पुनर्बांधणीला ३,००० कोटी, आणि पुढचे पूर सौम्य करण्याच्या कामांना ७,००० कोटी. म्हणजे लोकांच्या हातात पडायचे ते रुपयातले तेरा पैसे. बाकी रस्ते, पूल, दरडी, भिंती, यंत्रणा. आणि हे एकट्या सांगली-कोल्हापूरचं नव्हतं. जुलैमध्ये, पुराच्या त्याच आठवड्यात चिपळूण बुडालं होतं, महाड बुडालं होतं, तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली होती. शिवाय पॅकेज जाहीर होणं आणि पैसा खर्च होणं यात किती अंतर असतं, ते कुठल्याही ठेकेदाराला विचारा. सात हजार कोटी कुठे गेले, हा प्रश्न मलाही पडतो. पण तो सूर्यवंशी प्लॉटासारख्या खालच्या वस्तीतल्या माणसाला कशाला विचारायचा?

आता ते तेरा पैसे घरात येईपर्यंत किती होतात ते बघू. २०२१ ला घरात पाणी शिरलेल्या कुटुंबाला दहा हजार रुपये ठरले, पाच हजार कपड्यांचे, पाच हजार भांड्यांचे. टपरीवाल्याला दहा हजार. झोपडी पडली तर पंधरा हजार. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. केंद्राचे आपत्ती निधीचे निकष यापेक्षा तोकडे होते, वरची भर राज्यानं घातली, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण दहा हजारांत दिवाळी करणारं घर मला दाखवाच. एक साधी गादी, गॅसची शेगडी, मुलांची दप्तरं आणि महिन्याचा किराणा घेतला की संपले.

या पैशांनाही अटी असतात. ऑगस्ट २०१९ चा तो शासन निर्णय सांगलीकर विसरलेले नाहीत. घर दोन दिवस पाण्याखाली असेल तर दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ. लोक पत्र्यावर बसून बोटीची वाट बघत होते आणि इकडे दिवस मोजायची भाषा सुरू होती. खूप ओरड झाली. पण मुळातला विचार तसाच राहिला आहे. पाणी घरात छत्तीस तास थांबलं काय आणि अट्ठेचाळीस तास थांबलं काय, पिठाच्या डब्याला ते कळत नाही.

‘नदीपात्रात झोपड्या’ हे वाक्य तर मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते लिहिणाऱ्यानं सांगलीची गुंठेवारी बघितलेलीच नसावी. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर, कर्नाळ रोड ही नावं दरवर्षी बातम्यांत पहिली येतात. तिथे लोक रात्रीत बांबू रोवून बसलेले नाहीत. कुणीतरी शेतजमीन गुंठ्यागुंठ्यानं तोडून विकली, यांनी पै-पै जमवून ती घेतली. स्टॅम्पपेपर आहेत. २००१ साली राज्यानंच गुंठेवारी नियमित करायचा कायदा केला आणि २०२१ मध्ये त्याची मुदतरेषा पुढे ओढून ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. घरपट्टी, पाणीपट्टी, विजेचं बिल, सगळं सुरू आहे. कर घेताना वस्ती आणि पूर आला की अतिक्रमण, असं कसं?

आणि पूररेषेचं म्हणाल तर ती गरिबालाच लागते असं नाही. निळी रेषा ढोबळमानानं पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात जोतं उंच ठेवून बांधकाम करायला राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीतच वाट ठेवली आहे. जोतं उंच करायला भराव लागतो, भरावाला पैसा लागतो. ज्याच्याकडे आहे तो आपला प्लॉट उचलून घेतो, आणि त्याच्या वाट्याचं पाणी शेजारच्या खालच्या गल्लीत जातं. कोल्हापुरात शिरोलीजवळच्या महामार्गाच्या भरावाबद्दल गावकरी हेच सांगत आलेत, की तो बांधासारखा पाणी अडवतो, तिथे कमानी करा, खांबांवर रस्ता घ्या. महामार्गाला ‘अतिक्रमण’ म्हणणारा फॉरवर्ड अजून माझ्याकडे आलेला नाही.

२०१९ ला पाणी आयर्विनला साडेसत्तावन्न फुटांवर गेलं तेव्हा हरभट रोड, मारुती चौक, एसटी स्टँड, सगळी पेठ बुडाली. तेव्हा कुणी म्हटलं नाही की व्यापाऱ्यांनी नदीपात्रात दुकानं टाकली. म्हणूही नये. गाव नदीकाठी वसलंय, ते तसंच वसणार होतं. फरक एवढाच की आयर्विनला चाळीस ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस ही धोका पातळी. शहरातले लोक ‘आयर्विनला किती?’ असं विचारून चाळीसला गाडी हलवायचा विचार सुरू करतात. सूर्यवंशी प्लॉटात चाळिशीच्या आसपास पाणी उंबऱ्याशी असतं. ज्या आकड्याला सरकारचा इशारा सुरू होतो, त्या आकड्याला त्यांचा पूर सुरू झालेला असतो. अधूनमधून येणारा, गाजणारा महापूर वेगळा. यांचा छोटा पूर कुठल्याच पॅकेजमध्ये बसत नाही.

फॉरवर्डमधलं एक मात्र कबूल. बोगस पंचनामे होतात. ज्याच्या घरात पाणी आलं नाही त्याचं नाव यादीत आणि ज्याच्या आलं तो बाहेर, हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण बोगस नाव घुसवायला ओळख लागते, कागद लागतो. जे खरोखर खालच्या पायरीवर आहेत त्यांच्याकडे दोन्ही नसतं. एका घरात तीन भावांच्या तीन चुली, रेशनकार्ड एक, मदत एकाला. घर पडल्याचे पैसे ज्याच्या नावावर घर त्याला, भाडेकरूचं कपाट वाहून गेलं ते गेलं. शेतात ऊस कुजला तर पैसे सातबारा असेल त्याला, तेही हेक्टरची मर्यादा घालून. त्याच शेतात भांगलणीला जाणाऱ्या बाईचा दीड महिन्याचा रोजगार बुडतो, त्याचा रकाना पिकाच्या पंचनाम्यात नाही. पैसा पाण्याच्या मागे जात नाही, कागदाच्या मागे जातो. टॅक्स भरणाऱ्याला राग यायचाच असेल तर इथे यावा.

‘एकदाच उठवून उंचावर टाका.’ वाक्य लिहायला सोपं आहे. करवीर तालुक्यातल्या चिखली आणि आंबेवाडीला १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या. तीस वर्षांनी, २०१९ ला, याच चिखली-आंबेवाडीतून लोकांना बोटीनं काढावं लागलं. माणसं हट्टी आहेत म्हणून? काही असतीलही. पण शेत इथे, म्हैस इथे, पहाटे चारला धार काढायची आणि राहायचं कित्येक किलोमीटर लांब, असं रोज कोण करेल? त्यात भूखंडाच्या मालकीचा घोळ, सोयींचा घोळ. पुनर्वसन म्हणजे नकाशावर चौकोन आखून चिठ्ठ्या टाकणं नव्हे. गोठा, वैरण, शाळा, एसटी, सगळं उचलून न्यावं लागतं, आणि त्यालाच खरा निधी लागतो. तो कुणी मागितला की हाच फॉरवर्डवाला ‘अजून किती द्यायचं यांना’ म्हणणार.

भिंतीबद्दल फार लिहीत नाही. एका काठाला भिंत घातली की पाणी दुसऱ्या काठाला जातं, आणि शिरोळ तालुक्यात, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, तिथे आधीच दोन्हीकडून पाणी येतं. नृसिंहवाडी-कुरुंदवाडच्या माणसाला विचारा.

मराठवाड्याला पाणी न्यायची कल्पना मात्र लोकांना फार आवडते. एका दगडात दोन पक्षी. जागतिक बँकेच्या कर्जातून जो पूरनियंत्रणाचा कार्यक्रम आखलाय त्याच्या बातम्यांतही हेच मथळ्यात असतं. साधा हिशेब करू. एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, पाणी चोवीस तास वाहिलं तर ८.६४ टीएमसी, म्हणजे ८.६४ अब्ज घनफूट होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणातून पाच लाख क्युसेकच्या वर विसर्ग सुरू होता, म्हणजे दिवसाला त्रेचाळीस टीएमसीहून जास्त. समजा तुम्ही दहा हजार क्युसेकचा भलामोठा बोगदा खोदला. तो दिवसाला एक टीएमसीसुद्धा नेणार नाही. दुष्काळी भागाला पाणी द्यायचं तर जरूर द्या, त्याची वेगळी गरज आहे. पण त्यानं सांगलीतला पूर उतरेल असं म्हणणं म्हणजे तुंबलेल्या हौदातून चमच्यानं पाणी काढणं.

अलमट्टीचा विषय निघालाच आहे. २०१९ नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला. अलमट्टी आणि कर्नाटकातल्याच हिप्परगी बंधाऱ्यामुळे पूर आला नाही, असा निष्कर्ष त्यात होता. पूररेषेतली बांधकामं आणि आकसलेलं पात्र यांवर बोट ठेवलं होतं. सगळ्यांना तो पटला नाही, आजही वाद आहे, आणि अलमट्टीची उंची ५२४ मीटरवर न्यायच्या कर्नाटकच्या आग्रहानं तो वाढतोच आहे. वाद घाला. पण वादाच्या धुरळ्यात छोटी, स्वस्त, कंटाळवाणी कामं मागे पडतात. पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांच्या आपत्ती निधीतला वीस टक्के हिस्सा सौम्यीकरणासाठी, म्हणजे पूर यायच्या आधीच्या कामांसाठी, वेगळा काढायला सांगितला. त्यातून खालच्या वस्त्यांतले नाले मोकळे होऊ शकतात, उंचावर कायमची निवारा केंद्रं होऊ शकतात, गावागावांत धड बोट आणि ती चालवणारी शिकलेली माणसं असू शकतात. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली. गावातलीच बोट होती, मदत पोचत नव्हती म्हणून क्षमतेपेक्षा जास्त लोक बसले होते. त्या बोटीत बसलेल्यांना दिवाळी विचारून बघा.

कोल्हापुरात सुतारवाड्यातली कुटुंबं पंचगंगा वाढली की दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात येतात. दरवर्षीच. मठ जागा देतो, आसपासचे लोक जेवण देतात. चांगलंच आहे. पण वर्षानुवर्षं ठरलेल्या वेळी ठरलेल्या लोकांचं विस्थापन होतं, आणि व्यवस्था मठाच्या भरवशावर.

सूर्यवंशी प्लॉटातल्या एका मावशींचा अर्ज २०२१ ला मी भरून दिला होता. ब्लाउज शिवतात. पाणी छातीएवढं आलं होतं, भिंतीवर चिखलाची रेघ अगदी पट्टीनं ओढल्यासारखी. त्याच भिंतीवर वर २०१९ ची खडूची रेघ. पंचनाम्याला आलेल्या माणसानं विचारलं, भिंत पडली? नाही. छप्पर? नाही. जनावर? नाही. मशीनच्या मोटारीत गाळ भरला होता आणि गिऱ्हाइकांची चाळीसेक ब्लाउजपिसं गाठोड्यातच कुजली होती, दोन लग्नाच्या शालूंवरची होती. त्याला रकाना नव्हता. आलेल्या दहा हजारांतले सहा त्यांनी गिऱ्हाइकांना परत केले. मी म्हटलं, एवढं कशाला, लोकांना कळतं की. तर म्हणाल्या, ‘कळतंय हो, पण पुढच्या वर्षी कापड कोन टाकंल माझ्याकडं?’

आता त्या जूनच्या पहिल्या आठवड्यातच मशीन टेम्पोत घालून विश्रामबागेत दिराकडे आणून ठेवतात आणि गणपतीनंतर परत नेतात. मधले तीन महिने हातशिलाई. टेम्पोचं भाडं जाता-येता आठशे रुपये, ते त्यांचे त्या भरतात.