माथ्यावर १२.९, पोटात भलतंच

काल संध्याकाळी ड्रम सुटला. कळव्यात आमच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत रोबोंच्या झुंजीसाठी बनवलेल्या माझ्या पंधरा किलो वर्गाच्या रोबोची चाचणी चालू होती. त्याचं हत्यार म्हणजे दात असलेला, गरगर फिरणारा तीन किलोचा ड्रम, व्यास १२० मिलिमीटर, वेग मिनिटाला आठ हजार फेरे. म्हणजे ड्रमचा दात ताशी १८० किलोमीटरने फिरतोय. ढोबळ हिशेबाने त्यात १९०० ज्यूल ऊर्जा असते. घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरच्या विसाव्या मजल्यावरून तीन किलोचं वजन खाली सोडलं तर जमिनीवर जेवढा दणका बसेल, तेवढी. लोखंडी अँगलच्या तुकड्यावर रोबो नेला, पहिला दणका बसला, आणि बेअरिंगचा ठोकळा धरणाऱ्या चार बोल्टांपैकी दोघांची डोकी उडाली. ड्रम तिरका होऊन खालचं प्लायवूड फाडत गेला. एक डोकं समोरच्या पॉलिकार्बोनेटच्या शीटवर आपटलं आणि तिथे खड्डा पडला.

आई दारात चहा घेऊन उभी होती. मध्ये दहा मिलिमीटरची ती पारदर्शक शीट होती म्हणून आज मी फक्त चिडलेय.

हे बोल्ट १२.९ ग्रेडचे म्हणून घेतलेले. ग्रेड म्हणजे बोल्टाच्या ताकदीचा दर्जा. दुकानाचं नाव लिहीत नाही. काउंटरवर उभी राहून मी तीनदा विचारलं होतं. "ओरिजनल आहे मॅडम, माथ्यावर लिहिलंय ना." लिहिलंय, खरंच लिहिलंय, ठसठशीत १२.९. बनवणाऱ्याची खूण मात्र कुठेच नाही. अशा अ‍ॅलन बोल्टवर, म्हणजे माथ्यात षटकोनी खाच असलेल्या बोल्टवर, ग्रेड आणि कंपनीची खूण दोन्ही हवी असतात. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण पंचवीस बोल्ट पुडीत बांधून हातात देतात तेव्हा एकेक माथा कोण बघतं?

बाबांनी बघितला. तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते ते. तुटलेला तुकडा व्हाइसमध्ये धरला, दोनदा कानस फिरवली आणि म्हणाले, "हा फारच मऊ आहे गं." आज सकाळी हीट ट्रीटमेंटवाल्या काकांकडे जाऊन हार्डनेस मोजून घेतला. रॉकवेल सी या कडकपणा मोजायच्या स्केलवर २४. खरा १२.९ असता तर ३९ ते ४४ मध्ये यायला हवा होता. २४ म्हणजे ८.८ ग्रेड. ग्रेडमधला पहिला आकडा शंभरने गुणला की ताणाची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते. म्हणजे मी १२०० चे पैसे मोजले आणि घरी आणला ८०० चा माल. एम८, म्हणजे आठ मिलिमीटर जाडीच्या बोल्टच्या भाषेत सांगायचं तर साडेचार टन ताण घेणारा म्हणून जो दिला, तो तीन टनांवरच तुटतो.

माझा राग नेमका कशावर आहे ते सांगते, कारण हे सांगितलं की लोक लगेच म्हणतात, "अगं, बाजारात असंच असतं, स्वस्तात घेतलं की असं होणारच." स्वस्तात घेतलेलं नाही. आणि ८.८ बोल्ट वाईट असतो असंही मी म्हणत नाही. दुकानदाराने "माझ्याकडे ८.८ च आहे" एवढं सांगितलं असतं तर मी त्याला धन्यवाद देऊन तोच घेतला असता. ठोकळ्याला चारऐवजी सहा भोकं पाडली असती, नाहीतर एम१० वर गेले असते. त्यासाठी वजन कुठून कमी करायचं ते शोधलं असतं, कारण पंधरा किलोच्या वर एक ग्रॅम गेला तरी वजनकाट्यावरून परत पाठवतात. मालाची ताकद कळली की हिशेब करता येतो. खोटी कळली तर सगळा हिशेब खोटा, आणि तो चुकलाय हे ड्रम सुटल्यावरच कळतं.

बोल्टापुरतं असतं तर गप्प बसले असते. गणपतीच्या आधी ड्रमचे दात ईएन २४ मध्ये करायचे ठरवले. निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम असलेलं हे स्टील कडक करूनही चिवट राहतं, ठिसूळ होत नाही. दाताला हेच लागतं. गोल सळीचा कापलेला तुकडा आणला. वर पिवळ्या खडूने लिहिलेलं, ईएन २४. रबाळे एमआयडीसीत एका जॉबवर्कवाल्याकडे मशीनवर काढून घेतला. एकाच तुकड्याचं काम कोणी घेत नाही, विनवण्या करून त्याला तयार केलं. मग हार्डनिंगला दिला. चार दिवसांनी काकांचा फोन. "मॅडम, हे कडक होत नाही. यात कार्बनच नाही." साधं एम.एस., माइल्ड स्टील होतं ते! ग्रिलच्या कामाला वापरतात ते. बाबांनी उरलेला तुकडा ग्राइंडरला लावून दाखवला. लांब सरळ ठिणग्या, टोकाला कार्बनचा फुलोराच नाही.

मटेरियलचे पैसे गेले, ते सोडा. मशीनिंगचे गेले, हार्डनिंगचे गेले, तीन आठवडे गेले. दुकानात परत गेले तर तो म्हणतो, "मॅडम, खडूने पोरगा लिहितो, चूक होते कधीकधी. कॉलेजचा प्रोजेक्ट आहे ना? त्याला चालतं हे."

काय चालतं? कोणाला चालतं? लोकांसमोर मैदानात ताशी १८० किलोमीटरने फिरणाऱ्या वस्तूला काय चालतं ते तुम्ही ठरवणार? आणि मी कॉलेजात नाही, चौतीस वर्षांची आहे, पण समजा असते कॉलेजात, तरी काय? पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमधलं रोबोवॉर, म्हणजे रोबोंची झुंज, बघून दरवर्षी कितीतरी पोरं या नादाला लागतात. घरून पैसे मागून आणतात, रात्ररात्र जागतात. त्यांना एम.एस. द्यायचं ईएन २४ म्हणून? एकोणीस वर्षांच्या पोराला वाटतं, आपलंच डिझाइन चुकलं. तो महिनाभर कॉम्प्युटरवर कॅडमध्ये डोकं फोडत बसतो. डिझाइन बरोबर होतं रे बाबा, तुझं स्टील खोटं होतं!

पक्कं बिल मागा, तर "जीएसटी लागेल" म्हणून तोंड वाकडं. टेस्ट सर्टिफिकेट मागितलं, ज्यावर हीट नंबर, म्हणजे भट्टीतल्या घाण्याचा क्रमांक, आणि त्या घाण्याचं रासायनिक पृथक्करण असतं, तर उत्तर ठरलेलं. टनभर घ्या, मिळेल. कळंबोलीच्या स्टील मार्केटात ट्रकने माल उचलणाऱ्याला कागद मिळतो, दोन किलोचा तुकडा नेणाऱ्याला खडू. आणि कच्च्या चिठ्ठीवर ग्राहक आयोगात जाऊन मी सिद्ध काय करणार?

बॅटरीचं तर विचारूच नका. विचारलं नाहीत तरी सांगतेच. सहा सेलची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, स्टिकरवर क्षमता ३३०० एमएएच, ७५ सी. सी म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट देता येतो तो आकडा. गुणाकार केला तर जवळपास अडीचशे अँपिअर द्यायला हवेत. चार्जरवर मोजून बघितली, क्षमता २३५०. प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध १२ मिलिओहम, माझ्या जुन्या वापरलेल्या पॅकमध्ये तो चार आहे. नुसता ६० अँपिअरचा भार दिला तरी त्या नव्या पॅकच्या आत अडीचशे वॉट उष्णता तयार होते. ६० वॉटचे चार पिवळे बल्ब मुठीएवढ्या पुडक्यात कोंबून पेटवावेत तशी. आणि हे पुडकं लिथियमचं आहे, फुगलं तर पेटतं. मी वाळूच्या बादलीशेजारी चार्ज करते, लोखंडी डब्यात ठेवते, चार्जिंग चालू असताना खोली सोडत नाही. स्टिकर छापणाऱ्याला यातलं काय माहीत? त्याला ७५ च्या जागी १२० छापायला सुद्धा शाई तेवढीच लागते.

सिलिकॉन वायरचंही तेच. तांब्याची म्हणून घेतली, ब्लेडने खरवडली तर आत चंदेरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम.

प्रामाणिक माणसं आहेत, नाहीत असं नाही. मशीद बंदरजवळ नागदेवीला एक म्हातारे दुकानदार आहेत, ते सरळ सांगतात, "बेटा, हे बेअरिंग कंपनीचं नाही, लोकल आहे, हळू फिरणाऱ्याला वापर." त्यांच्याकडचं लोकल बेअरिंग मी निर्धास्त घेते. चाकांना दोन वर्षं चाललंय. पण दर वेळी कळव्याहून लोकल पकडून मशीद बंदरला जायचं, एका खऱ्या शब्दासाठी!

आता स्पर्धेला सोळा दिवस राहिलेत. ठोकळे नवे करायचेत, सहा भोकांचे, कारण यापुढे मी प्रत्येक बोल्ट ८.८ धरूनच हिशेब करणार. त्यासाठी ९० ग्रॅम काढायचेत, ते वरच्या चिलखतातून जाणार, म्हणजे तिथे मार बसला की आपण उघडे. समोरच्या रोबोने नाही, एका पुडीतल्या बोल्टांनी माझं चिलखत पातळ केलंय. वेल्डिंग करायचं होतं, मोटर पुन्हा गुंडाळायची होती, ड्रमचा तोल बघायचा होता. त्यातलं काहीही झालं नाही. सकाळपासून बाबा आणि मी ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बसलोय. पुडीतल्या उरलेल्या एकवीस बोल्टांवर एकेक करून कानस फिरवतोय आणि मऊ निघालेल्यांवर लाल पेंट लावतोय. आत्तापर्यंत सतरा लाल झालेत.