तो क्यूआर कोड बघून डोकं फिरलंय

आज सकाळी ऑफिसच्या फॅन्टसी लीगच्या ग्रुपवर एक फोटो आला. मुंबई सिटी, म्हणजे माझ्या फुटबॉल क्लबचा लोगो, त्याच्याखाली भिकेची वाटी, वाटीत क्यूआर कोड. वर लिहिलेलं, 'मालक पळाले, आता तुम्हीच स्कॅन करा.' खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. पाठवणारा आमच्याच फ्लोअरवरचा, बेंगळुरू एफसी या दुसऱ्या क्लबचा कट्टर फॅन, रोज माझ्या डब्यातली भाजी खाणारा. ट्रेनमध्ये दादरपर्यंत तीन वेळा रिप्लाय टाइप केला आणि तिन्ही वेळा पुसला, कारण जे बोटांवर येत होतं ते ऑफिसच्या ग्रुपवर टाकण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे. ज्यांना फुटबॉलशी घेणंदेणं नाही त्यांनी खुशाल पुढे जा, राग नाही.

खेळावरून चिडवा ना, कोण नको म्हणतंय. २९ मार्च २०२५ ला बेंगळुरूनं आम्हाला ५-० असं धुतलं, सुट्टीनंतर ऑफिसला आले तर याच माणसानं माझ्या टेबलावर पाच पेढे मांडून ठेवलेले. पाचही खाल्ले मी त्याच्यासमोर. २०२३ ला इंडियन सुपर लीगच्या सेमीफायनलला त्यांच्याशीच पेनल्टीवर ९-८ नी गेलो तेव्हा रात्रभर मेसेज करत होता, तेही ऐकून घेतलं. हरलो की ऐकायचं, जिंकलो की ऐकवायचं, यासाठीच तर टीम असते. पण कुणाची चूल विझायची वेळ आली की त्यावर हसायचं हे मला नाही जमत. आणि का नाही जमत ते सांगते.

१९९४ चा पावसाळा. आम्ही परळच्या चाळीत राहायचो, मी तिसरीत. बाबा एका कंपनीत क्लार्क होते आणि कंपनीच्या टीमचे लेफ्ट बॅक. कंपनीचं नाव घेत नाही, आता ते घेऊन उपयोगही नाही. तेव्हा मुंबईत फुटबॉल म्हणजे हेच होतं, कंपन्यांच्या, बँकांच्या, मिलच्या टीम, हार्वुड लीग ही इथली स्पर्धा आणि कूपरेजचं मैदान. पोरगा खेळतो म्हणून नोकरी मिळायची, दुपारी सुटून प्रॅक्टिसला जायचं, महिन्याच्या शेवटी पगार इतर क्लार्कएवढाच. एका सोमवारी बाबा कामावर गेले तर नोटीस बोर्डावर चार ओळींचा टाइप केलेला कागद, खर्चकपातीमुळे फुटबॉल संघ बंद करण्यात येत आहे. झालं. पंधरा वर्षं खेळलेल्या माणसाला कुणी केबिनमध्ये बोलावून सांगितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी बाबा घरी आले ते खांद्यावर गोणपाट घेऊन. त्यात टीमच्या जर्स्या. स्टोअरवाला म्हणाला होता, उद्या सगळं भंगारात जाणार, म्हणून ते उचलून घेऊन आले. चौदा जर्स्या, पांढऱ्या, मरून कॉलरच्या, शेवटच्या मॅचचा चिखल तसाच. आई काही बोलली नाही, नळावर बादली लावली, सगळ्या घासून धुतल्या, पांढऱ्याला नीळ दिली आणि गॅलरीतल्या दोरीवर ओळीनं वाळत घातल्या. पावसाळ्यात त्या कसल्या वाळताहेत. दुसऱ्या दिवशीही पाठीवरचे नंबर रस्त्याकडे तोंड करून लटकत होते. आणि खालून समोरच्या बिल्डिंगमधली पोरं, जी दुसऱ्या कंपनीच्या टीमची होती, ती ओरडली, 'ओ काका, कशा दिल्या? किलोवर की नगावर?'

बाबा गॅलरीतच होते. त्यांनी वर बघितलं नाही, खाली बघितलं नाही. एकेक जर्सी ओलीच काढली, ओलीच घडी केली आणि कॉटखालच्या ट्रंकेत ठेवली. पुढे कित्येक महिने त्या ट्रंकेला कुबट वास यायचा.

तो क्यूआर कोड बघितला आणि मला तोच वास आला. अतिशयोक्ती नाही करत.

आता मुद्द्याचं. मालक पळाले म्हणजे नक्की काय झालं? मॅन्चेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपनं नोव्हेंबर २०१९ मध्ये आमच्या क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता, डिसेंबर २०२५ मध्ये ते तो सोडून गेले आणि जुन्या मालकांनी क्लब पुन्हा हातात घेतला. हो, त्यांच्या पैशावर आम्ही जिंकलो, मान्य. २०२०-२१ ला शील्ड (लीगमध्ये पहिलं आल्याची) आणि कप (शेवटची फायनल जिंकल्याचा) दोन्ही, २०२२-२३ ला पुन्हा शील्ड, मे २०२४ ला कोलकात्यात जाऊन मोहन बागानला ३-१ हरवून कप. एप्रिल २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे आशियातल्या क्लबांच्या स्पर्धेत, मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब आम्हीच. तेव्हा आमच्यातलेही काही जण नको तेवढे माजले होते, तेही मान्य. पण ते गेले कशामुळे, ते तर बघा! भारतीय फुटबॉल फेडरेशनचा आणि लीग चालवणाऱ्या कंपनीचा १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे २०१० पासून सगळ्यांना माहीत होतं. वर्षाला ५० कोटी फेडरेशनला त्या करारातून यायचे. तरी शेवटपर्यंत पुढचं काही ठरलं नाही, नवीन टेंडर काढलं तर नोव्हेंबरमध्ये एकही बोली आली नाही. एकही नाही! सव्वाशे कोटींहून जास्त लोकांच्या देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगला घ्यायला कुणी पुढे आलं नाही. अशात जगभर क्लब घेणारा ग्रुप कशाला थांबेल.

आणि जो माझ्यावर हसतोय त्याच्या क्लबनं काय केलं? ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळुरू एफसीनं खेळाडूंचे आणि स्टाफचे पगारच थांबवले, लीगचं काही कळेना म्हणून. जाहीर करून थांबवले. तेव्हा याचा चेहरा कसा झाला होता ते मी बघितलंय, कँटीनमध्ये समोर बसून मोबाईल खाली ठेवत होता, परत उचलत होता, त्यांच्या स्टार खेळाडूचं, छेत्रीचं काय होणार, छेत्रीचं काय होणार हेच चाललं होतं. मी त्या दिवशी एक शब्द बोलले नाही. चहा आणून दिला. आज वाटतं बोलायला हवं होतं. नाही, नको. बरं झालं नाही बोलले.

पण एक खरं सांगायलाच हवं, नाहीतर ही पोस्ट खोटी ठरेल. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद पडली तेव्हा मी हसले होते. आमचा शेजारी, आमची महाराष्ट्र डर्बी. १८ ऑक्टोबर २०१४ ला डी वाय पाटीलला आमची पहिलीच घरची मॅच पुण्याशीच, ५-० जिंकलो, मॉरिट्झनं हॅट्ट्रिक मारली. बाबांना मी हट्टानं घेऊन गेले होते. ट्रंकेनंतर वीस वर्षांनी ते पहिल्यांदा मैदानात मॅच बघत होते, तिसऱ्या गोलला उभे राहिले ते शेवटपर्यंत बसलेच नाहीत. त्याच पुण्याची टीम पाच वर्षांनी गुंडाळली आणि मी ट्विटरवर काहीतरी फालतू लिहिलं, आता मिसळ विका असं काहीतरी. पुण्यातल्या एका मुलीनं खाली एवढंच लिहिलं होतं, 'ताई, माझा भाऊ तिथे अंडर-१५ ला होता.' ते ट्वीट मी काढून टाकलं. तिला सॉरी म्हणायला हवं होतं, ते राहिलं ते राहिलंच.

लीगमधल्या पुण्याच्या त्या जागेचं पुढे काय झालं ते बघा. पुण्याच्या जागी हैदराबाद आली, २०२१-२२ ला चॅम्पियन झाली, दोन वर्षांत पगार थकले, परदेशी खेळाडू सोडून गेले, उरलेली पोरं अख्ख्या सीझनमध्ये एक मॅच जिंकली, आणि २०२५ मध्ये तोच क्लब दिल्लीला हलवला. सहा-सात वर्षांत तीन शहरं. तीन शहरांतल्या पोरांनी जर्स्या विकत घेतल्या. आता त्या कुठल्या ट्रंकेत आहेत कोण जाणे.

आणि आपल्या मुंबईचं तर काय सांगायचं. रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा १८९१ ला इथे सुरू झाली. तो कप जिंकणारी पहिली भारतीय सिव्हिलियन टीम होती बेंगळोर मुस्लिम्स, १९३७ ला. (हे त्या क्यूआरवाल्याला माहीत नसणार. तुझ्या गावच्या पोरांनी आमच्या गावात येऊन गोऱ्यांच्या पलटणींचा कप उचलला, यावर ऊर भरून यायला पाहिजे तुझा.) तो रोव्हर्स कप या शतकाच्या सुरुवातीलाच बंद पडला. महिंद्रा युनायटेड २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकली, २०१० ला बंद. मुंबई एफसी २००७ ला आली, २०१७ ला खालच्या लीगमध्ये गेली ती गेलीच. २०२५ मध्ये भारताच्या टीमचा कोच झालेला खालिद जमील महिंद्रा, एअर इंडिया, मुंबई एफसी अशा टीमकडून खेळूनच वर आला ना? या शहरानं इतक्या टीम स्वतःच्या हातानं पोचवल्यात की इथल्या माणसाला तरी अशा फोटोवर हसू येऊ नये. पण हसणाऱ्यांत निम्मे मुंबईचेच होते, ग्रुपमधले. त्याचा जास्त राग आलाय.

कुणी म्हणेल, एवढं प्रेम आहे तर अंधेरीचं स्टेडियम अर्धं रिकामं का असतं. असतं. खरंय. वीकडेला साडेसातच्या मॅचला बोरिवली-कल्याणवरून येणं सोपं नाही, पण तरी खरंय.

मला मालकांची काळजी नाही. मालक उद्या दुसरा धंदा करतील. मला आठवतो तो मॅच संपल्यावर अंधेरीला गेटजवळ बघितलेला माणूस, प्लास्टिकच्या क्रेटवर बसून मोज्यांच्या जोड्या लावत होता, एक मोजा कमी भरत होता म्हणून सगळे पुन्हा ओतून पहिल्यापासून मोजत होता. वाटीत क्यूआर कोड लावता ना, तो त्याच्या हातात लावताय.

आता ती दुसरी गोष्ट, जी मी आजपर्यंत कुठे लिहिली नव्हती. जर्स्या ट्रंकेत गेल्या त्याच आठवड्यात रविवारी एक काका घरी आले. खालची पोरं ज्या टीमची होती त्या टीमचे स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू. बाबांशी मैदानात त्यांचं उभं वैर, एकदा बाबांची नडगी फोडलेली त्यांनी, टाके पडले होते. चाळीचे तीन जिने चढून धापा टाकत आले, हातात अर्धा डझन केळी. आईनं चहा टाकला. दोघं बराच वेळ काही बोललेच नाहीत, मी अभ्यासाचं नाटक करत ऐकत होते. मग ते काका म्हणाले, 'आता मी शिव्या कुणाला घालू रे?' आणि बाबा, ज्यांच्या डोळ्यांत मी तोवर कधी पाणी बघितलं नव्हतं, ते उठून गॅलरीत गेले.

चार वर्षांनी त्या काकांच्या कंपनीतही नोटीस लागली. बाबा त्याच संध्याकाळी लालबागला गेले. जाताना केळी घेतली. मला सोबत नेलं नाही.

आत्ता लिहिताना राग बराच उतरलाय. मघाशी बाबांना फोन केला होता, फोटोचं सांगितलं नाही, म्हटलं असाच केला. तर विचारतात, 'पुढची मॅच कधी गं आपली?' शहात्तर वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, अंधेरीच्या पायऱ्या चढताना दर पाचव्या पायरीला थांबतात.

ग्रुपवर काही लिहिलं नाही. त्या माणसाला वेगळा मेसेज टाकला. लिहिलंय, बेंगळुरू इथे खेळायला येईल तेव्हा तिकीट मी काढते, बाबापण असतील, तू तुझी जर्सी घालूनच ये आणि हव्या तेवढ्या शिव्या घाल.

दोन निळ्या टिक्स आल्यात, म्हणजे वाचलंय. उत्तर अजून नाही.