रद्द झालेल्या शोचं बिल

आम्ही काही जण मिळून पॉलिटिकल डॉक्युमेंट्री दाखवतो, काल रात्री त्या ग्रुपच्या हिशोबाची वही घेऊन बसले होते. गेल्या वर्षभरात आम्ही जेवढी स्क्रीनिंग्ज केली त्यात सगळ्यात जास्त पैसे कशावर गेले असतील, सांगा बघू. हॉल? प्रोजेक्टर? डायरेक्टरचा प्रवास? नाही. जो शो झालाच नाही त्याच्यावर.

झालं असं की हॉल महिनाभर आधी बुक केला होता, डिपॉझिट भरलं, पोस्टर छापली, साउंडवाल्याला अॅडव्हान्स दिला, डायरेक्टरचं तिकीट काढलं. आणि शोच्या दोन दिवस आधी हॉलवाल्यांचा फोन, "मॅडम, अचानक मेंटेनन्सचं काम निघालंय." कसलं काम? "इलेक्ट्रिकचं." बरं, मग डिपॉझिट परत द्या. तर म्हणे, "कॅन्सलेशन तुमच्याकडून धरावं लागेल, आमच्या सिस्टिममध्ये दुसरा ऑप्शनच नाही." धावत दुसऱ्या हॉलला गेलो, तिथल्या मॅनेजरने पोस्टर हातात घेतलं, वाचलं, आणि काही न बोलता टेबलावर उलटं ठेवलं. पांढरी बाजू वर. मग विचारलं, "पॉलिटिकल आहे का?" माणूस वाईट नव्हता हो, घाबरलेला होता, बोलताना दोनदा दाराकडे बघितलं त्याने.

कुणी बंदी घातली नाही. कागदावर एक ओळ नाही. कोर्टात जायचं तर कशाच्या विरोधात जाणार, इलेक्ट्रिकच्या कामाच्या? सेन्सॉरशिप म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर शिक्का मारणारा अधिकारी येतो, पण छोट्या ग्रुपकडे ती बहुतेक वेळा बिल होऊन येते. असे दोन शो लागोपाठ पडले की तिसरा करायला पैसेच नसतात, मग बंदीची गरजच काय.

आता लोक म्हणतात, डॉक्युमेंट्री दाखवायला पैसे कसले लागतात, लॅपटॉप आहे, पांढरी भिंत आहे, लावा. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता उत्तर द्यायचा पण कंटाळा येतो. तीस लोक एका खोलीत बसवले की लॅपटॉपचा आवाज तिसऱ्या रांगेत पोचत नाही आणि पॉलिटिकल डॉक्युमेंट्रीत तर निम्मी फिल्म म्हणजे माणसं बोलतायत, तेच ऐकू आलं नाही तर बघायचं काय? म्हणजे स्पीकर आले, माइक आला कारण नंतर चर्चा असते, काळे पडदे आले कारण संध्याकाळचा उजेड खिडकीतून थेट स्क्रीनवर येतो, सबटायटल्स आपल्या भाषेत नसतील तर ती कुणीतरी बसून करायची, ऑनलाइन लिंकवर भरवसा ठेवला तर बरोबर महत्त्वाच्या सीनला ते गोल चक्र फिरायला लागतं म्हणून फाइल आधी मागवून टेस्ट करायची. शिवाय प्रोजेक्टरचा दिवा! दिव्याचे तास मोजलेले असतात हे मला या कामात पडेपर्यंत माहीतच नव्हतं. एकदा फिल्म संपायला वीस मिनिटं असताना आमचा दिवा गेला, फट्ट आवाज आणि पूर्ण अंधार, लोक मात्र जागचे हलले नाहीत, अंधारातच बोलायला लागले, मोबाइलचे टॉर्च लावून तासभर चर्चा चालली. सगळे म्हणाले काय मस्त झालं. झालं खरं मस्त, पण नवीन दिव्याचे पैसे कुठून आणायचे हे त्या मस्त चर्चेत कुणीच बोललं नाही.

आणि या सगळ्यात फिल्म बनवणाऱ्याची फी मी अजून धरलेलीच नाही. तिथे येते, थांबा.

मुळात गडबड अशी आहे की जे काही ग्रँट, फंड वगैरे असतात ते बहुतेक फिल्म बनवण्यासाठी असतात. फिल्म दाखवणं ही बजेटमधली शेवटची ओळ, आणि शूटिंग लांबलं, एडिट लांबलं की पहिली कात्री त्याच ओळीला. शिवाय जे दाखवण्यासाठी पैसे देतात त्यांना 'इम्पॅक्ट' पाहिजे. फॉर्म भरा, किती लोकांचं मत बदललं, टक्केवारीत सांगा. अहो, दोन तास खाली मान घालून बसलेला माणूस जाताना फक्त "पुढच्या वेळी कळवा" म्हणून गेला, त्याची टक्केवारी मी कशी काढू?

मोठ्या पैशाचं म्हणाल तर तो कधी जाईल याचा नेम नाही. अमेरिकेतली पार्टिसिपंट ही कंपनी, २००४ पासून सामाजिक विषयांच्या फिल्म्सना पैसा देणारी, एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली. मालक अब्जाधीश, त्याने ठरवलं, संपलं. सरकारी पैसा तरी टिकाऊ म्हणावा तर तिथेच जुलै २०२५ मध्ये संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले आणि त्या पैशावर चालणाऱ्या स्वतंत्र डॉक्युमेंट्रीचा एक जुना आधारच गेला. परदेशी ग्रँट घ्यावी तर ती वेगळीच डोकेदुखी, रशियाने २०१२ मध्ये 'परकीय एजंट' कायदा आणला, भारताने एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, २०२० मध्ये अजून आवळला, आणि कायदा लागू होत नसला तरी "यांना बाहेरून पैसे येतात" एवढी कुजबुज पुरते.

अमेरिकेतल्याच मायामी बीच शहराचं उदाहरण घ्या. 'नो अदर लँड' या पॅलेस्टिनी गावांच्या पाडापाडीवरच्या डॉक्युमेंट्रीला मार्च २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं, तरी अमेरिकेत तिला मोठा डिस्ट्रिब्युटर मिळाला नव्हता, छोटी छोटी थिएटरं दाखवत होती. त्यातलं एक ओ सिनेमा, शहराच्या मालकीच्या जागेत भाड्याने चालणारं. तर तिथल्या मेयरने ही फिल्म दाखवली म्हणून थिएटरचा भाडेकरार रद्द करायचा आणि सुमारे ४० हजार डॉलरची ग्रँट थांबवायची असा ठराव आणला. लोकांनी आणि फिल्मवाल्यांनी जोरदार विरोध केल्यावर त्याच महिन्यात तो मागे घ्यावा लागला, हे चांगलंच झालं. पण मला त्यातला मेकॅनिझम बघा म्हणायचंय. जागा त्यांची, ग्रँट त्यांची. फिल्मला हात लावायची गरजच नाही, दोरी दुसरीकडे बांधलेली आहे.

आमच्याकडे पण दोरी आली होती. एक सज्जन (खरंच सज्जन, टोमणा नाही) म्हणाले वर्षभराच्या सगळ्या शोंचा खर्च मी देतो, कुठे नाव पण नको, फक्त फिल्मची यादी आधी मला दाखवत जा. यावर आमची तीन तास मीटिंग झाली, आवाज चढले, एक जण उठून गेला. आणि प्रामाणिकपणे सांगते, मी पैसे घ्यायच्या बाजूने होते. हिशोब मी लिहिते ना, बाकीच्यांना तत्त्व दिसतं मला उधारी दिसते. शेवटी नाही म्हणालो. तेव्हा मी चिडले होते, आता वाटतं बरं झालं, कारण दोन महिन्यांनी जी फिल्म लावली ती त्यांनी यादीतून नक्की काढायला लावली असती.

मग उरतं कोण? बघायला येणारे लोक. यात नवीन काही नाही. केरळमध्ये १९८४ मध्ये जॉन अब्राहम (हिंदीतला हिरो नव्हे, मल्याळी दिग्दर्शक) आणि त्याच्या मित्रांनी ओडेसा कलेक्टिव्ह काढलं, गावोगाव प्रोजेक्टर घेऊन फिरले, चॅप्लिनची फिल्म दाखवायची आणि नंतर लोकांपुढे हात पसरायचे, त्या चिल्लरीतून १९८६ मध्ये 'अम्मा अरियन' उभी राहिली आणि तशीच गावोगाव दाखवली गेली. गोरखपूरला २००६ मध्ये 'प्रतिरोध का सिनेमा' ही फिल्म दाखवण्याची मोहीम सुरू झाली, पहिल्यापासून नियम एकच की स्पॉन्सर नाही, ना कंपनी, ना सरकार, ना एनजीओ. आणि २०१५ मध्ये 'मुझफ्फरनगर बाकी है' या दंगलीवरच्या डॉक्युमेंट्रीचा दिल्लीतल्या एका कॉलेजातला शो गोंधळ घालून बंद पाडला तेव्हा याच लोकांच्या हाकेवरून २५ ऑगस्टला एकाच दिवशी देशभर किती ठिकाणी ती फिल्म लागली! स्पॉन्सर असता तर हे महिन्याभराच्या आत जमलं असतं का? परवानगीच्या ईमेलला उत्तर यायलाच तेवढे दिवस गेले असते.

पण (आणि इथे माझे मित्र माझ्यावर चिडणार आहेत) आपल्या चळवळीवाल्या लोकांना 'प्रवेश विनामूल्य'चं जे व्यसन लागलंय ते मला अजिबात पटत नाही. अर्जेंटिनाचे सोलानास आणि गेतिनो, १९६८ ची 'द अवर ऑफ द फर्नेसेस' ही चार तासांच्या वरची पॉलिटिकल फिल्म बनवणारे, हुकूमशाहीत घराघरात चोरून दाखवायचे, मध्येच फिल्म थांबवून चर्चा करायचे, म्हणजे आजच्या हॉलच्या भाड्याने विचार केला तर वेडेच. त्यांनी पुढच्या वर्षी लिहिलेल्या निबंधात पैशांबद्दल सरळ म्हटलंय की येणाऱ्याने नेहमीच्या सिनेमाच्या तिकिटाला जेवढे मोजतो त्यापेक्षा कमी देऊ नये. चोरून दाखवणारे लोक हे म्हणतायत! आणि आपण अधिकृत पोस्टर लावून फुकट दाखवतो. फुकट कसलं, त्याचे पैसे कुणीतरी देतंच आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा फिल्म बनवणारा असतो. पाच पाच वर्षं एका विषयामागे घालवलेल्या माणसाला आपण फोन करून म्हणतो, फी नाही देता येणार हां, पण लोक खूप छान येतात.

मी स्वतः हे वाक्य म्हणालेय. एकदा नाही. आता लाज वाटते.

ज्याच्याकडे खरंच नाहीत त्याने देऊ नये, दारात कुणाला अडवायचं नाहीच. पण ज्यांच्याकडे आहेत ते पण डबा पुढे आला की मोबाइल बघायला लागतात, त्यांचं काय? आम्ही एक प्रयोग केला. डबा आधी दारात ठेवायचो, आता चर्चा संपल्यावर फिरवतो आणि त्याआधी त्या दिवसाचा खर्च मोठ्याने वाचून दाखवतो. हॉल एवढा, साउंड एवढा, फिल्मची फी एवढी, जमले एवढे, कमी एवढे. पहिल्यांदा वाचताना माझा आवाज कापत होता, भीक मागतोय असं वाटत होतं. त्या दिवशी नेहमीच्या जवळपास तिप्पट जमले.

एक गोष्ट मात्र सुटत नाही, ती म्हणजे नाव. ऑनलाइन पाठवा म्हटलं की निम्मे लोक मागे सरतात. एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कॅश चालेल ना? माझं नाव कुठे नको, मिस्टर सरकारी नोकरीत आहेत." घडी घातलेली नोट माझ्या मुठीत कोंबली आणि गेल्या. आता हिशोब पारदर्शक ठेवायचा म्हणजे नावं लिहायची आणि माणसं सांभाळायची म्हणजे नावं लिहायची नाहीत. आम्ही सध्या फक्त आकडे लिहितो, नावाच्या जागी 'प्रेक्षक'. उद्या कुणी विचारलं की हे प्रेक्षक कोण, तर माझ्याकडे उत्तर नाही आणि ते नसलेलंच बरं. 'द अॅक्ट ऑफ किलिंग' या इंडोनेशियातल्या १९६५ च्या कत्तलींवरच्या डॉक्युमेंट्रीच्या शेवटी तिथल्या कितीतरी टीम मेंबर्सच्या नावाच्या जागी फक्त 'अनामिक' येतं. ती फिल्म तिथे सेन्सॉरकडे पाठवलीच नाही, बंदी आली असती तर दाखवणं हा गुन्हा ठरला असता, म्हणून २०१२ मध्ये निमंत्रितांच्या खासगी शोंमधून देशभर फिरली.

तर त्या रद्द झालेल्या शोचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. डायरेक्टर तर येऊन पोचली होती, तिकीट परत करण्यासारखं नव्हतं. ग्रुपमधल्या एकीने तिची बाहेरची खोली रिकामी केली, सोफा उभा करून भिंतीला टेकवला, बेडशीट चार टाचण्यांवर ताणली, एक टाचणी सारखी निघत होती म्हणून एक मुलगा दोन तास तो कोपरा हाताने धरून बसला. बावीस लोक होते. डबा फिरला, खर्च वाचला, त्यात हॉलचं बुडालेलं डिपॉझिट पण वाचलं. डायरेक्टरची पूर्ण फी त्याच रात्री दिली. ती पाकीट हातात धरून जरा वेळ बघतच राहिली, मग म्हणाली, "मोजू का?" मी म्हटलं मोज की. तिने तिथेच मोजले, दोनदा.

डिपॉझिट अजून वसूल व्हायचंय, वहीत लाल पेनाने तसंच आहे. पुढचा शो कुठे आहे ते इथे लिहीत नाही, ज्यांना यायचंय त्यांनी मेसेज करा. आणि हो, बेडशीट आहे, टाचण्या नाहीयेत.