पुट्टी डबीत ठेवायला इतकं काय जड जातं?

मुलांची खेळायची, ताणली जाणारी पुट्टी (सिली पुट्टी) म्हणजे कणकेचा गोळा नव्हे, हे कितीदा सांगायचं? खेळ संपला की सोफ्यावर, गादीवर तशीच टाकायची आणि सकाळी "चिकटली, चिकटली" म्हणून घर डोक्यावर घ्यायचं! अहो, चिकटणारच! सिलिकॉन तेल आणि बोरिक ॲसिड यांपासून बनते ती. झटका दिला तर तुटते, आपटली तर उसळते, पण नुसती ठेवली की हळूहळू वाहते. रात्रभरात गोळ्याची चकती होते आणि कापडाच्या विणीत, धाग्याधाग्यात शिरून बसते.

मग उपाय सुरू. गरम पाणी कोण ओततं त्यावर? आणखी मऊ होऊन ती आत उतरते. चोळता कशाला? डाग पसरतो. पाण्यात तर ती विरघळतच नाही! पिशवीत बर्फ घालून 10-15 मिनिटं वर ठेवा. घट्ट झाली की बोथट सुरीने अलगद खरवडा. उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल या पटकन उडून जाणाऱ्या द्रवात भिजवलेल्या कापसाने टिपा, पण आधी कापडाच्या आतल्या कोपऱ्यावर रंग जातो का ते बघा. ते कोणी बघत नाही, मग सोफ्यावर पांढरा चट्टा!

आणि पुट्टी "वाळली" म्हणून तिच्यात पाणी कालवणारे! वाळते ती पिठाची खेळायची माती. ही गारठ्याने घट्ट होते, तळहातात दोन मिनिटं मळली की पुन्हा ताणली जाते. 1950 मध्ये ही बाजारात आली तीसुद्धा प्लास्टिकच्या अंड्यात. डबी सोबत मिळते, झाकण लागतं. मग लावा ना ते!