वसई पाहायची ती पायी, आणि बंदर म्हणून

आम्हा पुणेकरांना किल्ला म्हटले की चढ आठवतो. सिंहगड, राजगड, तोरणा यांनी आपल्याला एक सवय लावली आहे. घाम गाळून माथा गाठायचा, टोकावरून खालचा मुलूख न्याहाळायचा, पिठलं-भाकरी खायची आणि आल्या वाटेने उतरायचे. हीच सवय घेऊन आपण वसईला जातो, आणि तिथे चढायला काहीच नसल्यामुळे चिमाजी अप्पांच्या पुतळ्यासमोर फोटो काढून अर्ध्या तासात गाडीत बसतो. मीही दोनदा असाच परत आलो होतो. गेल्या डिसेंबरात मात्र आम्ही चौघे वसई रोड स्टेशनवरून पायी निघालो, किल्ला, किल्लाबंदर आणि पाचूबंदर करून किनाऱ्याने भुईगावपर्यंत गेलो, आणि गिरीजवरून संध्याकाळी पुन्हा त्याच स्टेशनवर पोहोचलो. साधारण २० किलोमीटरची ती गोल वाट चालल्यावर माझे मत पक्के झाले आहे : वसईचा किल्ला ही एका बंदराची तटबंदी आहे, आणि बंदर न पाहता तो पाहणे म्हणजे दिल्ली दरवाज्यातूनच मागे फिरून शनिवारवाडा पाहिला असे सांगण्यासारखे आहे.

आदल्या रात्री डोंबिवलीला मावशीकडे मुक्काम केला होता. पहाटे दिवा स्टेशनवरून वसईकडे जाणारी गाडी पकडली आणि साडेसातच्या सुमारास वसई रोडला उतरलो. स्टेशन ते वसई गाव हा रस्ता काही रम्य नाही. माणिकपूरची दुकाने, रिक्षांची गर्दी आणि इमारतींमागून इमारती. तरीही रिक्षा करू नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण ते सहा-सात किलोमीटर चालल्यावरच ही जमीन किती सपाट आहे हे पायांना समजते. आपल्या गडांना सह्याद्रीचे कडे राखतात. इथे राखण केली ती पाण्याने. किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र, खाडी आणि दलदल होती, आणि वेढा घालणाऱ्याला कोरडी वाट उरली होती ती एकच, आपण चालत आलो तीच.

किल्ल्याचा परीघ साधारण साडेचार किलोमीटरचा, बुरूज दहा आणि मोठे दरवाजे दोन : जमिनीकडचा भुई दरवाजा आणि पाण्याकडचा दर्या दरवाजा. बहुतेक लोक जमिनीच्या बाजूने येतात, रस्त्याच्या कडेची चर्चे पाहतात आणि थांबतात. चर्चे पाहण्यासारखी आहेतच. छप्पर गेलेल्या त्या उंच भिंतींखाली उभे राहिले की आपोआप आवाज खाली येतो. नागासाकीला १५९७ मध्ये क्रुसावर गेलेले आणि १८६२ मध्ये संतपद मिळालेले गोन्सालो गार्सिया याच वसईचे. पण मुळात हे शहर इथे वसले कशासाठी? १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगिजांना दिली. त्यांना हवी होती ती खाडीच्या मुखावरची जागा, जहाजे बांधता येतील असा किनारा आणि आतल्या मुलखातून उतरणारा माल. पुढची २०५ वर्षे इथली सगळी श्रीमंती दर्या दरवाज्यातूनच आत आली. म्हणून माझा आग्रह आहे की चर्चांपाशी न थांबता खाडीच्या काठापर्यंत जावे.

त्या काठावर किल्लाबंदर आहे, आणि ते अवशेष नाही, नांदते बंदर आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. होड्या चिखलात एका कुशीवर कलंडल्या होत्या आणि वलांडीवर, म्हणजे मासे सुकवायला बांधलेल्या दोऱ्यांवर, बोंबील वाळत होते. एक मावशी टोपलीतून दोन-दोन बोंबील उचलत होत्या, एकाच्या उघड्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवत होत्या आणि ती जोडी दोरीवर अशी टाकत होत्या की एक मासा अलीकडे लोंबेल आणि एक पलीकडे. गाठ नाही, काटा नाही, माशाचेच दात माशाला धरून ठेवतात. मी बराच वेळ पाहत उभा राहिलो, तेव्हा त्यांनी हातातले काम न थांबवता सांगितले की ऊन नीट मिळाले तर तीन दिवसांत माल तयार होतो, पण ढग आले की सगळी मेहनत वाया जाते. जवळच वसई-भाईंदर रो-रो आहे. फेब्रुवारी २०२४ पासून मोटारी आणि दुचाक्या बोटीत चढून खाडी ओलांडतात.

याच काठावर उभे राहिल्यावर मला मराठ्यांची १७३९ ची वसई मोहीम पहिल्यांदा खऱ्या अर्थाने समजली. शाळेत आपण वेढा शिकतो, सुरुंग शिकतो, सेबास्तियन बुरूज उडाला हे शिकतो. समोरच्या काठाकडे पाहिले की मात्र कळते, लढाई तटापाशी येण्याच्या कितीतरी आधी पाण्यावर ठरत होती. मराठ्यांनी १७३७ मध्येच ठाणे आणि अर्नाळा घेतले होते. ठाणे खाडीच्या वरच्या अंगाला, तर अर्नाळा उत्तरेला समुद्रात. पुढे १७३९ मध्ये खाडीच्या मुखाशी, वसईच्या ऐन समोर असलेले धारावीचे ठाणे (मुंबईतली धारावी नव्हे, भाईंदरकडची) पडले, तेव्हा बंदराचा गळा आवळला गेला. मे महिन्यात पोर्तुगिजांनी किल्ला दिला. त्यांच्या शिबंदीला शस्त्रांसह, मानाने बाहेर पडू दिले गेले. ज्या चिमाजी अप्पांनी हा विजय मिळवला, त्यांचे पुढच्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात निधन झाले. त्यांची समाधी आपल्या ओंकारेश्वराजवळ आहे. आपण मुठेच्या काठाने रोज तिच्यावरून जातो. भीमाशंकरला गेलेल्या प्रत्येकाने वसईच्या विजयाची ती घंटाही पाहिली असेल, क्रूस कोरलेली, १७२९ साल असलेली.

पुण्याने वसईची ही आठवण जपली याचा मला अभिमान आहे, पण तेवढीच जपली याचे दुःखही आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळच्या लढाईत पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरे बाजीराव आधी सिंहगडाकडे निघाले, मग कोकणात उतरले आणि शेवटी इंग्रजांच्या जहाजातून वसईला आले. ३१ डिसेंबरला इथेच तह झाला. कंपनीचे ६,००० पायदळ कायमचे पदरी ठेवायचे, त्याच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा आणि इतर सत्तांशी कंपनीला विचारल्याशिवाय व्यवहार करायचा नाही, अशी ती कलमे होती. चुलत आजोबांनी जिंकलेल्या बंदरातच नातवाने राज्याचे स्वातंत्र्य लिहून दिले, आणि १८०३ च्या मे महिन्यात तो इंग्रजांच्या बंदोबस्तात पुण्याला परतला. पुतळ्यापाशी थांबणाऱ्याला यातला फक्त पहिला भाग भेटतो. दुसरा भाग समजून घ्यायचा तर जिथे जहाजे लागत तिथपर्यंत चालत जावे लागते. आमच्यासमोर एका सहलीची बस आली होती. मार्गदर्शकाने मुलांना अप्पांचा पराक्रम फार सुंदर सांगितला, पण १८०२ चा उल्लेखही न करता चाळीस मिनिटांत सगळ्यांना बसमध्ये बसवले. त्या मुलांना खाडीचे पाणीसुद्धा दिसले नाही. मला ते फार लागले.

परतताना त्याच रस्त्याने येऊ नये, असे मी म्हणतो ते निव्वळ कंटाळा टाळण्यासाठी नाही. पाचूबंदरावरून सुरुची बागेच्या किनाऱ्याला लागलो आणि रानगावच्या पुळणीवरून उत्तरेकडे चालू लागलो, तसतसा किल्ला मागे लहान होत गेला आणि किनारा मोठा. भुईगावात १९५६ मध्ये अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आठव्या लेखाचा तुकडा त्याआधीच जवळच्या सोपाऱ्यात मिळाला होता. म्हणजे पोर्तुगिजांच्या अठरा शतके आधीपासून या पट्ट्यात बंदर नांदत होते. आल्या वाटेने मागे फिरलो असतो, तर हा सारा काळ आमच्या पाठीमागेच राहिला असता. भुईगावातून आत वळल्यावर वाड्या लागतात : केळी, पानवेली, फुलझाडे. एका घराच्या पडवीत राजेळी केळ्यांची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, मिळाली. मधासारखा रंग, चिवट आणि बेताची गोड. चौघांनी एक पुडा तिथेच संपवला आणि दुसरा पुण्याला आणला.

ज्यांना जायचे असेल त्यांनी डिसेंबर-जानेवारी निवडावा, कारण उन्हाळ्यात पुळणीवर चालणे असह्य होते आणि पावसात होड्या शाकारलेल्या असतात, त्यामुळे बंदराची लगबग दिसत नाही. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहावी. दुपारी ओहोटी असेल असाच दिवस धरावा, नाहीतर रानगावच्या पुढे किनारा सोडून रस्त्याने यावे लागेल. वलांड्यांमधून चालताना वाळत घातलेल्या मालाला धक्का लागू देऊ नये आणि विचारल्याशिवाय कोणाचे फोटो काढू नयेत, ते लोकांचे घर आणि रोजगाराची जागा आहे. येत्या ३१ डिसेंबरला मी पुन्हा जाणार आहे, आणि दर्या दरवाज्यात बसून तहाची कलमे मोठ्याने वाचायची असे आम्ही ठरवले आहे. सोबत यायचे असेल त्यांनी खाली कळवावे, म्हणजे दिव्याहून सुटणारी गाडी एकत्र पकडता येईल.